गोतो बेटांवरची चर्चं बघायची आहेत? आधी बोट ठरवा, खोली शेवटी

नागासाकीच्या पश्चिमेला, समुद्रात सुमारे १०० किलोमीटरवर गोतो बेटं आहेत. त्यांच्यावर पन्नासच्या आसपास चर्चं आहेत. जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी होती तेव्हा ज्या वस्त्यांनी तो लपूनछपून जपला, त्यांतल्या काही वस्त्यांना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. इतिहास एवढा पुरे, बाकीचा तिथल्या पाट्यांवर आहे. इथे फक्त जाण्याच्या खटपटीबद्दल लिहितो, कारण माणसं चुकतात ती तिथेच.

चूकही ठरलेल्या क्रमाने होते. आधी विमान, मग स्वस्त पडते म्हणून पैसे परत न मिळणारी खोली, मग नकाशावर 'जवळच' दिसणारी ठिकाणं आणि पार शेवटी, जपानात पोचल्यावर, बोट. पहिल्या खेपेला मीही हेच केलं. फुकुए बेटावर दोन रात्रींची खोली घेतली आणि दुसऱ्या सकाळी लॉजच्या मालकीणबाईंना विचारलं, काशिरागाशिमाच्या चर्चला टॅक्सीनं किती वेळ लागेल? बाईंनी नकाशा आणला आणि बोट ठेवलं ते उत्तरेकडच्या भलत्याच बेटावर. फुकुएहून तिकडे बोटीनंच जावं लागतं, आणि त्या दिवशी जाऊन परत यायला जमेल अशी बोट नव्हती. चर्च न बघता परतलो.

तेव्हा क्रम असा ठेवा: बेट, बोट, चर्चला कळवणं, गाडी, आणि मग खोली. एक दिवस मोकळा. हा मोकळा दिवस सगळ्यांना जिवावर येतो, पण त्याच्यावर पुढे सविस्तर बोलूच.

## पायरी १: 'गोतो' म्हणजे नक्की कुठलं बेट?

गोतो हे एका गावाचं नाव नाही. लहानमोठी दीडशेच्या आत-बाहेर बेटं आहेत आणि आपल्या कामाच्या बेटांचा कारभार तीन वेगवेगळ्या नगरपालिकांकडे आहे. दक्षिणेकडे गोतो शहर, त्यात फुकुए, हिसाका आणि नारू ही बेटं. मधे शिनकामिगोतो, त्यातलं मुख्य बेट नाकादोरी; काशिरागाशिमा त्याला पुलानं जोडलेलं. उत्तरेला ओजिका, आणि त्याच्या पूर्वेला जवळजवळ निर्मनुष्य असं नोझाकी. तिन्हींची बंदरं वेगळी, बोटी वेगळ्या, माहिती देणारी कार्यालयंही वेगळी. फुकुएच्या पर्यटन खिडकीवर नोझाकीच्या बोटीबद्दल विचारणं म्हणजे अलिबागच्या धक्क्यावर मालवणच्या होडीची चौकशी करण्यासारखं.

यादीतली चार ठिकाणं गोतोच्या बेटसाखळीत येतात. त्यांचे मुक्काम असे धरा:

- हिसाका बेटावरच्या वस्त्या (जुनं गोरिन चर्च इथे आहे): मुक्काम फुकुए. हिसाकाच्या तानोउरा बंदरापर्यंत छोट्या बोटीनं साधारण २० मिनिटं.
- नारू बेटावरची एगामी वस्ती: मुक्काम फुकुए किंवा नारू. बोटीनं अर्धा ते पाऊण तास, पुढे गाडीनं साधारण २० मिनिटं.
- काशिरागाशिमा: मुक्काम नाकादोरी, शक्यतो आरिकावा बंदराच्या बाजूला.
- नोझाकी: मुक्काम ओजिका. याला सरळ वेगळी सहल समजा.

पहिल्यांदाच जात असाल आणि हातात चार दिवस असतील, तर हिसाका आणि नारू घ्या, एवढंच. चारही ठिकाणं एका फेरीत उरकायची तर किमान आठवडा हवा, वर समुद्र शांत मिळायला हवा.

तपासा: नकाशावर दोन ठिकाणांमधलं अंतर बघू नका. दोन बंदरांमध्ये थेट बोट आहे का, ते बघा. बेटं डोळ्यांसमोर दिसतात, थेट बोट मात्र असेलच असं नाही.

## पायरी २: बोटींचं वेळापत्रक समोर ठेवून दिवस आखा

नागासाकीहून फुकुएला दोन प्रकारच्या बोटी जातात. जेटफॉइल साधारण दीड तासात पोचवते. ती पाण्यावर उचलली जाऊन धावते, त्यामुळे प्रवासभर पट्टा बांधून बसायचं आणि जागा आरक्षित करायची. दुसरी साधी फेरी, ती तीन तासांहून थोडा जास्त वेळ घेते, पण स्वस्त आहे आणि हवा बिघडली तरी जेटफॉइलपेक्षा जास्त वेळ तग धरते. तिच्यात गालिचा अंथरलेली मोकळी खोली असते, बूट काढून आडवं व्हायचं. बोट लागणाऱ्यांनी फेरीच घ्यावी, गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी, आणि आडवं झाल्यावर फोन बघू नये.

फुकुओकाहून थेट यायचं तर हाकाता बंदरातून मध्यरात्रीच्या सुमारास 'ताइको' नावाची फेरी सुटते. ती उत्तरेकडून एकेक बेट घेत ओजिका, नाकादोरीचं आओकाता आणि नारू करत सकाळी फुकुएला लागते. झोपेत प्रवास होतो आणि एका रात्रीच्या खोलीचे पैसे वाचतात. पण ओजिकाला उतरायचं असेल तर पहाटे पाचच्या आत उतरावं लागतं. त्या वेळी गावात चिटपाखरू नसतं, म्हणून पहाटे बसायची सोय कुठे आहे ते आधीच विचारून ठेवा.

विमानही आहे. नागासाकीहून फुकुएला अर्धा तास, फुकुओकाहून सुमारे ४० मिनिटं. पण विमानं छोटी आणि धुक्यात हमखास अडतात, त्यामुळे समुद्राची अनिश्चितता टळते असं समजू नका.

आता वेळापत्रक वाचताना होणाऱ्या चुका.

पहिली, मागच्या वर्षीचं वेळापत्रक बघणं. ते हंगामाप्रमाणे बदलतं. शिवाय दरवर्षी बोटी दुरुस्ती-तपासणीसाठी गोदीत जातात आणि तेवढ्या काळापुरतं वेगळं वेळापत्रक लागतं. जपानी संकेतस्थळांवर त्याला 'दोक्कु दाइया' म्हणतात. जेटफॉइल गोदीत असेल तर तिच्या खेपा कमी होतात, काही वेळा फक्त साधी फेरी-बोटच चालते. कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या तारखेसाठी हा शब्द आहे का ते फोनच्या भाषांतर-ॲपनं वाचून घ्या.

दुसरी चूक परतीच्या बोटीची. माणसं जायची बोट बघतात आणि 'संध्याकाळी मिळेल की एखादी' म्हणून निघतात. हिसाकाला दिवसात मोजक्याच फेऱ्या आहेत. आधी शेवटची परतीची बोट लिहून घ्या, आणि दिवस तिच्यापासून मागे मोजत आखा. पाच वाजता बोट असेल तर गाडी परत करणं, तिकीट, धक्क्यापर्यंत चालणं धरून सव्वाचारला सगळं आटोपलेलं हवं.

तिसरी: जपान रेल पास. तो या बोटींवर चालत नाही. पासात सगळं येतं अशी समजूत करून आलेले लोक नागासाकी बंदरात तिकीट खिडकीवर हुज्जत घालताना मी बघितले आहेत. बोटीचे पैसे वेगळे धरा.

सावध: ज्या संध्याकाळी बेटावरून नागासाकीला परतणार, त्याच रात्रीचं टोकियो किंवा मुंबईचं विमान कधीही घेऊ नका. मोकळा दिवस ठेवायचा तो इथे, प्रवासाच्या शेवटी. बोट वेळेवर सुटली तर तो नागासाकीत सुखानं जाईल. ओउरा चर्चला तिकीट काढून सरळ आत जाता येतं, आधी कळवावं लागत नाही, आणि तेही याच वारसा यादीत आहे.

## पायरी ३: चर्चला आधी कळवा

सगळ्यांत जास्त चुकणारी पायरी हीच, म्हणून जरा थांबून वाचा.

वसईत किंवा गोव्यात वाढलेल्या माणसाला चर्चचं दार उघडं असायची सवय असते. आत जावं, मागच्या बाकावर टेकावं, निघावं. गोतोत ही सवय घरी ठेवून या. इथली चर्चं पर्यटनस्थळ म्हणून उघडलेली नाहीत. ती बहुतेक आठ-दहा घरांच्या वस्तीची प्रार्थनास्थळं आहेत, आणि किल्ली अनेकदा वस्तीतल्याच एखाद्या वयस्कर माणसाकडे असते. आतली जागा एवढी लहान की पंधरा माणसांचा घोळका आला तर प्रार्थनेला आलेल्या आजींना बसायला बाक उरत नाही. म्हणून यादीतल्या चर्चना भेट देण्याआधी कळवायची पद्धत घातलेली आहे. गोरिन, एगामी, काशिरागाशिमा, नोझाकीचं जुनं नोकुबी चर्च, या चारहींसाठी ती लागू आहे.

कळवायचं कुठे? या वारसास्थळांसाठी नागासाकी शहरात बंदराजवळ एक माहिती केंद्र आहे आणि त्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक चर्चचा स्वतंत्र अर्ज भरता येतो. नोझाकीसाठी मात्र ओजिकाच्या स्थानिक पर्यटन संस्थेशी, 'ओजिका आयलंड टूरिझम'शी, संपर्क करावा लागतो.

अर्ज भरताना पुढचा क्रम पाळा.

१. आधी त्या चर्चचं पान उघडून बंद असलेल्या तारखा बघा. मिस्सा, लग्न, अंत्यविधी, डागडुजी, साप्ताहिक सुट्टी, यांतलं काहीही असू शकतं. रविवारची सकाळ शक्यतो टाळाच.

२. मग पायरी २ मध्ये काढलेल्या बोटीच्या वेळेवरून पोचण्याची वेळ ठरवा. 'सकाळी' असं मोघम लिहू नका. '१०.४० ते ११.१०' असं लिहा.

३. माणसं किती, मुख्य माणसाचं नाव पासपोर्टवर असेल तसं, जपानात चालू असणारा फोन नंबर आणि ईमेल द्या. जपानी नंबर नसेल तर लॉजचा नंबर द्या, पण लॉजवाल्यांना विचारून.

४. कशानं येणार तेही लिहा: भाड्याची गाडी, टॅक्सी की समुद्री टॅक्सी (म्हणजे भाड्यानं ठरवलेली छोटी बोट).

५. उत्तर येईपर्यंत थांबा. अर्ज पाठवला म्हणजे काम झालं असं नाही. उत्तराचा ईमेल छापून किंवा फोनमध्ये ठेवून जवळ बाळगा; बेटांवर सगळीकडे रेंज मिळेल याचा भरवसा नाही.

हे सगळं किमान आठ-दहा दिवस आधी करा. आदल्या दिवशी कळवून कधी कधी भागतंही, पण ते तुमचं नशीब.

दुसऱ्या खेपेला मी नीट कळवून एका छोट्या चर्चपाशी पोचलो, तर दारात काळ्या कपड्यांतली माणसं. वस्तीत कुणी तरी गेलं होतं. असं झालं की कागद दाखवून हक्क सांगायचा नाही. मान झुकवून मागे फिरायचं. एक बाई माझ्यामागून रस्त्यापर्यंत आल्या आणि उलट त्यांनीच माफी मागितली. त्या दिवशी बाहेरूनही फोटो काढायचं मन झालं नाही.

तपासा: यादीत नसलेल्या चर्चना असा अर्ज नसतो म्हणजे मुक्त प्रवेश असतो, असं नाही. नाकादोरीवरचं आओसागाउरासारखं १९१० चं लाल विटांचं चर्च असो किंवा रस्त्यात दिसलेलं अनोळखी छोटं चर्च, दारावरची पाटी आधी वाचायची. फुकुएचं १९०८ चं दोझाकी चर्च हा अपवाद, ते आता संग्रहालय आहे आणि तिकिटावर बघता येतं.

## पायरी ४: लायसन्स आणि गाडी, मगच खोली

बेटांवर बस आहेत, पण त्या शाळेच्या मुलांच्या आणि दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या वेळेप्रमाणे धावतात. चर्च बघायला निघालेल्याचा मेळ त्यांच्याशी क्वचित बसतो. भाड्याची गाडी, टॅक्सी किंवा समुद्री टॅक्सी, एवढेच पर्याय धरा.

भारतातलं लायसन्स असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओकडून, परिवहनच्या संकेतस्थळावरून अर्ज करून, घरूनच काढून न्या. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचा परवाना जपानात चालतो आणि भारत त्या करारात आहे. मूळ पुस्तिका, मूळ लायसन्स आणि पासपोर्ट, तिन्ही हवीत. फोनमधला फोटो किंवा डिजिलॉकर काउंटरवर उपयोगाचं नाही. जर्मनी, फ्रान्स किंवा स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या आणि तिथलं लायसन्स असलेल्या मराठी मंडळींचा घोळ वेगळा असतो: तिथला आंतरराष्ट्रीय परवाना जपान धरत नाही. त्यांना लायसन्सचं अधिकृत जपानी भाषांतर लागतं. ते आधी मागवा, बेटावर मिळणार नाही.

गाड्या मोजक्या असतात, हिसाकावर तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून बोटीपाठोपाठ गाडी. आपल्यासारखीच डाव्या बाजूनं वाहतूक असल्यानं चालवायला जड जात नाही, पण हिसाका आणि नारूचे आतले रस्ते एका गाडीपुरतेच रुंद आहेत आणि वळणापलीकडून मासळीचा टेम्पो येतो. छोटी गाडी मागा. समोरून गाडी आली तर जवळच्या रुंद जागेपर्यंत मागे घेण्याची तयारी ठेवा.

काशिरागाशिमाचा नियम आणखी वेगळा. चर्चपर्यंत गाडी नेता येत नाही. बेटावरचा कामिगोतो विमानतळ २००६ पासून नियमित विमानांना बंद आहे, त्याच्या आवारात गाडी लावून तिथून छोट्या बसनं खाली चर्चपाशी जायचं. ही बसही कळवलेल्या वेळेशी जुळवलेली असते. उशीर झाला की पुढच्या बसची वाट बघा.

हे सगळं जमलं की मग खोली. घरगुती लॉजला इथे मिन्शुकु म्हणतात. मिन्शुकु घेतलं तर एक फायदा असा की हवा बिघडल्यावर काय करायचं हे घरातल्या माणसांना बंदरावरच्या फळ्याआधी कळलेलं असतं. रद्द करण्याची अट मात्र स्पष्ट विचारा. बोट रद्द झाल्यावर बोटीचं तिकीट परत मिळतं, खोलीचे पैसे परत मिळतीलच असं नाही.

## पायरी ५: सामान आणि पोटपूजा

रोख पैसे नागासाकी किंवा फुकुओकातच काढून घ्या. फुकुएच्या पोस्टातल्या एटीएमवर परदेशी कार्ड चालतं, पण पोस्टाच्या एटीएमला वेळा आहेत, आणि हिसाकाला उतरल्यावर एटीएम शोधायचा विचारच करू नका. समुद्री टॅक्सीवाला, चर्चची दानपेटी, दोन-तीन टेबलांचं हॉटेल, सगळीकडे रोखच. हजार येनच्या नोटा आणि शंभरची नाणी वेगळी ठेवा.

सहज काढता-घालता येतील असे बूट आणि न फाटलेले मोजे न्या. गंमत नाही, दिवसातून चार-पाचदा बूट काढावे लागतात आणि सगळ्यांच्या नजरा खालीच असतात.

शाकाहारी मंडळींनी इथे नीट लक्ष द्या. गोतोचा उदोन प्रसिद्ध आहे, कामेलियाच्या बियांचं तेल लावून ओढलेल्या बारीक शेवया. त्या दिसायला निरुपद्रवी, पण बरोबरचं सार बहुधा 'आगो'चं असतं. आगो म्हणजे उडणारा मासा. तुकडा दिसत नाही, सगळं त्या पाण्यातच उतरलेलं असतं, त्यामुळे 'मांस नको' एवढं सांगून काही उपयोग होत नाही. शेवया उकळत्या भांड्यातून उचलून खायची एक पद्धत आहे, 'जिगोकुदाकी'. तीत सार बाजूला ठेवून साध्या सोया सॉसबरोबर खाता येतात. अंडं चालत असेल तर त्यात कच्चं अंडं फेटून घेतात. 'दाशी नाशी दे', म्हणजे सार न घालता, हे वाक्य पाठ करा. सोयाच्या बाटलीतही दाशी मिसळलेली असू शकते, तेव्हा तेही विचारा.

आणि बाजारातून 'कांकोरो मोची' घेऊन ठेवा. रताळ्याच्या चकत्या उकडून उन्हात वाळवतात, मग चिकट भाताच्या मोचीबरोबर कुटून वडी करतात. फुकटच्या सल्ल्यासारखा वाटेल, पण तव्यावर जराशी भाजली की कडा करपून गोडसर वास सुटतो आणि दिवसभराची शिदोरी होते. (उपासाला चालणार नाही, भात आहे.)

## पायरी ६: आदली संध्याकाळ आणि निघायची सकाळ

समुद्रावर जाणाऱ्याला दोन जपानी शब्द आलेच पाहिजेत. बंदरावरच्या फळ्यावर, संकेतस्थळावर, सगळीकडे हेच दिसतात.

'केक्को' म्हणजे बोट रद्द. इथे वाद संपतो. खिडकीवर जाऊन तिकिटाचे पैसे परत घ्या.

'जोकेन-त्सुकी उन्को' म्हणजे अटीवर सुटणार. गोंधळ होतो तो इथे. बोट निघते, पण समुद्र बघून अर्ध्यातून परत फिरू शकते किंवा ठरलेलं बंदर सोडून दुसऱ्याच बंदरात लावू शकते. लोक 'सुटतेय ना, झालं तर' म्हणून चढतात आणि दुसऱ्या बंदरात उतरल्यावर त्यांची गाडी, चर्चची वेळ, खोली, सगळं तिसरीकडे राहतं. या अटीवर जायचं की नाही, हे तुमच्या परतीच्या दिवसावरून ठरवा. हाताशी मोकळा दिवस असेल तर खुशाल चढा.

आदल्या संध्याकाळी कंपनीचं पान बघा, सकाळी उठल्यावर पुन्हा बघा. जेटफॉइल रद्द आणि फेरी चालू, असं बरेचदा होतं. म्हणून फेरीची वेळ आधीच लिहून ठेवा. हिवाळ्यात वायव्येचे वारे समुद्र उसळवतात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वादळं येतात, जून-जुलैत पाऊस. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे त्यातल्या त्यात भरवशाचे. पावसाळ्यात मुरुड-जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात हे आपल्याला ठाऊक असतं. इथे तसा एकच ठरलेला बंद काळ नाही, म्हणून उलट दररोज बघावं लागतं.

तपासा, घराबाहेर पडण्याआधी: बोट चालू आहे? परतीची बोट चालू आहे? चर्चचं उत्तर जवळ आहे? गाडीवाल्याचा नंबर आहे? या चारांपैकी दुसरा प्रश्न विसरला जातो. दुपारनंतर हवा बिघडणार असेल तर सकाळची बोट सुटते आणि संध्याकाळची रद्द होते. मग हिसाकावर मुक्काम पडतो.

## पायरी ७: चर्चच्या दारात

हिसाकाचं जुनं गोरिन चर्च उदाहरणाला घेऊ. गाडीचा रस्ता आधीच संपतो. तिथून समुद्राकाठच्या पायवाटेनं दहा मिनिटं चालायचं. समोर दोन इमारती दिसतात. त्यांतली नवी दिसणारी इमारत म्हणजे आजचं चर्च, वस्ती प्रार्थना करते ती तिथे. तिच्यात शिरू नका. आपल्याला बघायची आहे ती शेजारची, कौलारू छपराची लाकडी, जी लांबून एखाद्या कोळ्याच्या मोठ्या घरासारखी दिसते. ती १८८१ मध्ये बेटावरच्या हामावाकीला बांधली आणि १९३१ मध्ये इथे हलवली. खिडक्यांच्या टोकदार कमानी दिसल्या की कळतं, घर नाही. आत मान वर केली की लाकडी फळ्यांची कमानदार छत. फोटो काढायचा हात तिथेच शिवशिवतो, आणि तिथेच तो आवरायचा.

आत पाळायचा क्रम:

१. टोपी, गॉगल काढा. फोन बंद करून खिशात. आत फोटो आणि व्हिडिओ मनाई आहे, 'फ्लॅशशिवाय' हीसुद्धा सवलत नाही.

२. बूट काढून रांगेत ठेवा, टोकं बाहेरच्या दिशेनं.

३. वहीत नाव लिहा. माणूस हजर असेल तर मान झुकवून नमस्कार. तो सांगेल ते ऐका. भाषा नाही कळली तरी मधेच उठून जाऊ नका.

४. वेदीच्या पायरीपलीकडे जायचं नाही. घंटा, पेटी, मूर्ती, पुस्तकं, कशालाच हात नको.

५. दार जसं होतं तसंच लावा. सरकतं दार अर्धवट राहिलं की पाखरं आत शिरतात, आणि ती हाकलायला वस्तीतल्याच कुणाला तरी चढावं लागतं.

६. दानपेटीत यथाशक्ती. डागडुजी वस्तीच्या डोक्यावर असते.

नारूच्या एगामीला गेलात तर खिडक्यांजवळ जरा थांबा. १९१८ चं हे लाकडी चर्च तेत्सुकावा योसुके या गोतोच्याच कारागिरानं बांधलं, तो स्वतः बौद्ध होता. जमीन ओलसर म्हणून फरशी उंच उचललेली, भिंती फिकट पिवळट, खिडक्यांच्या चौकटी निळ्या. रंगीत काच परवडली नाही म्हणून साध्या काचेवर हातानं फुलं रंगवली आहेत. खांबांवरच्या लाकडाच्या रेषाही ब्रशनं काढलेल्या. हे सगळं दोन हातांवरून दिसतं, पण घाईत आलेला माणूस बाहेरचा निळा-पिवळा फोटो काढून दहा मिनिटांत परत गाडीत बसतो. अर्जात अर्धा तास मागितला असेल तर पुरता अर्धा तास घ्या.

सावध: चर्चबाहेरची दफनभूमी हे फोटोचं ठिकाण नाही. काशिरागाशिमाला क्रूस असलेल्या थडग्यांची रांग थेट समुद्राकडे तोंड करून आहे, आणि ती बघून भल्याभल्यांचा हात फोनकडे जातो. थडग्यांवर तिथल्याच घरांची नावं आहेत, त्यांची नातवंडं वस्तीत राहतात.

## पायरी ८: नोझाकीला जायचंच असेल तर

ओजिकाहून नगरपालिकेची छोटी बोट अर्ध्या-पाऊण तासात नोझाकीला नेते. सकाळी जायचं, दुपारी परतायचं, मधे दुसरी सोय नाही. आधी कळवल्याशिवाय जायचं नाही, कारण बेटावर कुणाकुणाला उतरवलं आहे हे लिहिलेलं असावं लागतं. दुकान नाही, हॉटेल नाही. पाणी माणशी दोन लिटर, जेवण, औषध आणि कचऱ्याची पिशवी सोबत न्या, कचरा परत आणा.

वस्ती उठून गेल्यावर हरणांचं राज्य आहे. हरणं आहेत तिथे गवतात गोचिडीही असतात. पूर्ण पँट, मोजे वर ओढलेले, आणि संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत नीट बघून घ्या. उतारावरचं विटांचं नोकुबी चर्च १९०८ चं. वर जाणाऱ्या वाटेवर सावली जवळजवळ नाही.

इथे मोकळ्या दिवसाचं महत्त्व दुप्पट होतं: आधी ओजिकाची बोट, मग नोझाकीची. दोनदा समुद्र.

## पायरी ९: बेत बदलला तर त्याच दिवशी कळवा

बोट रद्द झाली की माणूस खोली आणि विमानाच्या मागे लागतो, आणि चर्चला कळवायचं राहून जातं. तिकडे कुणी तरी शेतातलं किंवा जाळ्याचं काम सोडून किल्ली घेऊन बसलेलं असतं. अर्ज केला होता तिथेच ईमेल टाका. जमत नसेल तर मिन्शुकुच्या माणसांना किंवा बंदरावरच्या माहिती खिडकीवर चर्चचं नाव, तुमचं नाव आणि ठरलेली वेळ लिहिलेला कागद द्या आणि फोन करायची विनंती करा. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते आनंदानं करतात. नवी तारीख हवी असेल तर नवा अर्ज भरा. जुन्या उत्तरावर दुसऱ्या दिवशी जाऊन उभं राहू नका, कारण त्या दिवशी दुसरा कुणीतरी आधीच कळवून आलेला असेल.